शिळावर्तुळांजवळ गोठा बांधायचा आहे: चाचणी खड्डे कुठे, किती आणि कशासाठी?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नागपूरच्या पश्चिमेला तुमचं वावर आहे. वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड बरड आहे आणि त्यावर मोठ्या धोंड्यांचे चार-पाच गोल आहेत. बरड तसंही पडीक, म्हणून तिथे गोठा, शेजारी सोयाबीन-तूर ठेवायला गोदाम आणि खाली नाल्याकडे शेततळं असा तुमचा बेत आहे. एकाने सांगितलं की आधी पुरातत्त्व खात्याकडून चाचणी उत्खनन करून घ्यावं लागतं. दुसऱ्याने सांगितलं, रात्री जेसीबी बोलवा आणि धोंडे धुऱ्यावर लोटून द्या. त्यातच आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याने प्राचीन थडग्याजवळ शेड बांधण्याआधी चाचणी चर खणून घेतल्याची चित्रफीत तुम्ही पाहिली. आता तुम्हाला हवं आहे ते एवढंच: हे आपल्याकडे करावंच लागतं का, खड्डे किती आणि किती खोल, आणि काही निघालं तर जमीन जाते का?

मी विदर्भातल्या महापाषाणीय (म्हणजे मोठ्या शिळांनी बांधलेल्या प्राचीन दफनांच्या) स्थळांवर बरीच वर्षं सर्वेक्षण आणि उत्खननाचं काम करतो आहे, त्या आधारावर सांगतो. दुसऱ्या सल्ल्याचा निकाल आधीच लावू: धोंडे हलवू नका. कायद्याचा भाग पुढे येईलच, पण धोंडे हलवले की वर्तुळ कुठे संपतं हेच कळेनासं होतं, आणि मग गोठ्याची सुरक्षित जागा ठरवणं तुमच्यासाठीच अवघड होऊन बसतं.

लोक ज्या ठिकाणी गोंधळतात ते हे. वर्तुळात काय आहे हे पाहायला चाचणी खड्डा घेत नाहीत. वर्तुळ तर दिसतंच आहे. ते दफनाचं किंवा मृताच्या स्मरणाचं बांधकाम आहे असं धरून त्याला बाजूला ठेवायचं. चाचणी खड्डा लागतो तो वरून काहीच दिसत नाही अशा जागेसाठी, म्हणजे जिथे तुमचा गोठा उभा राहणार त्या मोकळ्या बरडासाठी. त्यामुळे ‘खड्डे किती’ याआधी ‘गोठा नेमका कुठे’ हे ठरायला हवं. गोठ्याची जागा शहाणपणाने निवडली तर कित्येकदा खणायची वेळच येत नाही.

मोकळ्या जागेची एवढी काळजी का, ते नागपूर परिसरातल्या जुन्या कामांवरून समजेल. ही वर्तुळं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. गावात त्यांचा संबंध गवळीराजाशी लावतात, तुम्हीही ऐकलं असेल. जुनापाणीचे काही गोल रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच उकरले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. महुरझरीला १९७०च्या सुमारास शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाच्या चमूने वर्तुळं उघडली. तिथे माणसांबरोबर पुरलेले घोडे, त्यांचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगामाचे तुकडे, कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी भांडी असं बरंच मिळालं. लोकांच्या लक्षात राहतं ते एवढंच, कारण ते संग्रहालयाच्या काचेमागे शोभून दिसतं.

पण याच माणसांची घरं, चुली आणि कारखाने कबरींच्या आत नव्हते. टाकळघाट आणि खापा ही नावं नेहमी जोडीने घेतली जातात ती यासाठीच: वस्ती टाकळघाटला, वर्तुळं खाप्याला. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली ती वस्तीच्या बाजूला. महुरझरीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने पुढे वस्तीचा भाग खणला तेव्हा मणी घडवण्याच्या उद्योगाचा पुरावा हाती आला. यातलं काहीही जमिनीवरून धोंड्यांसारखं ठळक दिसत नाही. शिवाय प्रत्येक गोलाचे धोंडे जागेवर राहिलेले नसतात. शेकडो वर्षं लोकांनी ते विहिरींना, धुऱ्यांना, रस्त्याच्या खडीला नेले आहेत. दोन दिसणाऱ्या वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात धोंडे गमावलेलं तिसरं वर्तुळ असणं ही माझ्या अनुभवात अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता कायदा. पहिली चौकशी हीच करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे: तुमच्या गटातले किंवा शेजारच्या गटातले गोल केंद्राचं किंवा राज्याचं संरक्षित स्मारक आहेत का? केंद्राचं असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन करता येतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं मत मागवतो. कायद्यात टप्प्यांना मुदत दिली आहे: अर्ज पुढे पाठवायला १५ दिवस, प्राधिकरणाला दोन महिने, नंतर निर्णयाला एक महिना. म्हणजे कागदावर साडेतीन महिने, आणि तुमचा अर्ज अपुरा असेल तर जास्त. इथे एक बारकावा पुष्कळांना नडतो. अंतर दिसणाऱ्या शेवटच्या धोंड्यापासून मोजत नाहीत, अधिसूचित हद्दीपासून मोजतात, आणि ती हद्द धोंड्यांच्या बरीच बाहेर असू शकते. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

गोल कोणत्याच यादीत नसतील तर १००-२०० मीटरचे हे पट्टे तुम्हाला लागू होत नाहीत. विदर्भात अशी यादीबाहेरची वर्तुळं भरपूर आहेत. आपल्याकडे शेतातल्या साध्या गोठ्याआधी चाचणी उत्खनन सरसकट सक्तीचं करणारी तरतूदही नाही. आयर्लंडमध्ये नियोजन परवानगी देतानाच तशी अट घालता येते. तिथे परवानाधारक पुरातत्त्वज्ञ चर घेतो आणि खर्च सहसा बांधणाऱ्याच्या माथी पडतो. तुमच्या चित्रफितीतला शेतकरी त्या व्यवस्थेत होता. आपल्याकडे उत्खनन करायचं तर विद्यापीठ, डेक्कन कॉलेजसारखी संस्था किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून परवाना मिळवतं, तो ठरावीक हंगामासाठी असतो, आणि खर्चही संस्था करते. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात पाया, त्याआधी आठवडाभरात चाचणी’ असं वेळापत्रक इथे बसत नाही. तुम्ही स्वतः ‘आत काय आहे बघू’ म्हणून खणणं तर नकोच. जमिनीत पुरलेली आणि दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा जुना असला तरी लागू आहे.

जमीन जाते का, ही भीती तुमच्यासारख्या प्रत्येकाच्या पोटात असते आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. खापरं निघाली म्हणून सातबारा बदलत नाही. जागा संरक्षित घोषित करायची झाली तर सरकारला आधी अधिसूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. घोषणा झाल्यावरही मालकी आपोआप सरकारजमा होत नाही, संपादन ही वेगळी प्रक्रिया आहे. पण घोषित झालं की बांधकामावर मर्यादा येतात हेही खरं. तेवढा भाग तुम्ही मनात धरूनच निर्णय घ्यायला हवा. कोणी ‘काहीच होत नाही’ म्हणत असेल तर तो अर्धंच सांगतो आहे.

खणण्याआधी मी काय करतो ते आता सांगतो, कारण यातला बराच भाग तुम्हीही करू शकता. पावसानंतर गवत वाळलं की सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना बरड पायी तुडवायचं. उन्हाची तिरीप असली की बुटका उंचवटाही सावली टाकतो, दुपारी बारा वाजता तोच सपाट वाटतो. वर्तुळांच्या आत सहसा गोटे आणि मुरमाची भर असते, कुठे बाहेरून आणलेली काळी चिकट मातीही. त्यामुळे मुरमाड बरडावर मध्येच काळ्या मातीचा गोल डाग दिसला, त्यावर गवत जास्त हिरवं दिसलं, तर धोंडे नसले तरी मी ती जागा वर्तुळ धरूनच चालतो. मग धुरे बघायचे. धुऱ्यात माणसाला उचलता येणार नाही असा धोंडा असेल तर तो कुठून तरी ओढत आणलेला आहे. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले छोटे वाटीसारखे खळगे असतात, जुनापाणीला ते स्पष्ट दिसतात. धुऱ्यातल्या धोंड्यावर असे खळगे सापडले तर तो मोडलेल्या वर्तुळाचा आहे असंच मी धरतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की कोणत्या सालच्या दुष्काळी कामात धोंडे फोडले, विहीर कोणी बांधली. ही माहिती उपग्रहचित्रात मिळत नाही.

यंत्रांनी जमिनीखालचं पाहता येतं का, असं हल्ली सगळे विचारतात. येतं, पण आपल्या भागात जपून. जमिनीत लहरी सोडणारं रडार काळ्या चिकणमातीत फार खोल जात नाही, माती ती शक्ती शोषून घेते. चुंबकीय मोजणीला काळा पाषाण दगा देतो, कारण बसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो आणि प्रत्येक धोंडा खोटा इशारा देतो. मुरमाड जमिनीवर विद्युतरोध मोजण्याची पद्धत त्यातल्या त्यात कामाला येते. तरी फक्त यंत्राच्या नकाशावर विसंबून मी कोणाला ‘बांधा’ असं सांगत नाही.

समजा पाहणी झाली, संस्था आली, परवाना मिळाला आणि गोठ्याची जागा बदलणं काही कारणाने शक्य नाही. मग खड्डे कसे? तुमचा गोठा पंधरा मीटर बाय आठ मीटर धरू. एक मीटर बाय एक मीटरचे चार खड्डे चार कोपऱ्यांत घ्यायचे, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. मुरमात खोदलेला एखादा जुना खड्डा दोन-अडीच मीटरचा असला तरी चार खड्ड्यांच्या मधून आरामात निसटतो. त्यापेक्षा मी एक मीटर रुंदीचा चर पंधरा मीटर लांबीभर घेईन आणि दुसरा आडवा, वर्तुळांकडच्या टोकाला. जागेचा सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग उघडा होतो, पण लांब रेषेला काहीतरी आडवं येण्याची शक्यता खड्ड्याहून कितीतरी जास्त. वरचा नांगरलेला किंवा गवताच्या मुळांचा थर काढायला यंत्र चालेल, पण दात नसलेली सपाट बादली लावून आणि कोणीतरी सतत समोर उभं राहून. त्याखाली कुदळही हलकी आणि शेवटी थापीच.

खोली आधी ठरवता येत नाही. मूळ, न हललेला मुरूम लागला की थांबायचं. बरडावर तो कधी वीतभर खाली लागतो. नाल्याजवळच्या काळ्या मातीत माणूसभर गेलं तरी लागत नाही. मुरूम लागला की तो साफ घासून त्यावर पाणी मारतो. शेतातला फवारणीचा पंप यासाठी फार सोयीचा, फक्त आधी धुऊन घ्यायचा. ओल्या पृष्ठभागावर पूर्वी कोणी खोदलेला खड्डा वेगळ्या रंगाच्या डागासारखा उठून येतो, कोरड्यावर तो दिसत नाही. काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वरची खापरं, कधी आजच्या बांगडीचा तुकडाही, त्या भेगांतून खाली उतरतो. म्हणून ‘खोल सापडलं, म्हणजे जुनं’ हा हिशेब काळ्या मातीत चालत नाही. मला खोलीपेक्षा थर सलग आहे का, राख आहे का, खापरांच्या कडा ताज्या तुटलेल्या आहेत की झिजलेल्या, हे बघावंसं वाटतं.

काही गृहस्थ म्हणतात, कॉलमचे खड्डे तर खणायचेच आहेत, त्यातच बघून घेऊ. हे सर्वांत वाईट. कॉलमचा खड्डा अरुंद आणि खोल असतो, त्याच्या भिंती कोणी नीट घासून बघत नाही, आणि तोवर लोखंड-सिमेंट येऊन पडलेलं असतं. काही निघालं तरी तुम्ही गोठा हलवणार नाही, हे मिस्त्रीलाही माहीत असतं आणि मलाही.

निकाल तीन प्रकारचे लागतात. काहीच नाही, तर संस्था लेखी अहवाल देते आणि तुम्ही बांधता. नांगरलेल्या थरात विखुरलेली खापरं असली आणि खाली मुरूम कोरा असला, तर पाया खणताना जाणकार माणूस हजर ठेवून बांधायला माझी हरकत नसते. मुरमात खोदलेलं काही, राखेचा थर किंवा लोखंडाची मळी (जड, फेसाळ, काळा गोळा, जो शेतकरी सहसा धुऱ्यावर फेकतो) जागेवर मिळालं, तर मी आधी गोठा सरकवता येतो का ते बघतो. पूर्ण उत्खनन हा शेवटचा मार्ग. त्यात एक-दोन हंगाम जातात, तुमचं काम अडतं, आणि एकदा खणलेलं पुन्हा खणता येत नाही.

नकाशात नुसता गोठा दाखवून भागत नाही, हेही लक्षात घ्या. खरं नुकसान बहुतेकदा गोठ्याच्या बाहेर होतं. ट्रॅक्टर-ट्रॉली वळायची जागा, पाण्याची पाइपलाइन, शेणखताचा खड्डा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जोत्यात भर घालायला त्याच बरडावरून काढलेला मुरूम. गोठ्याखाली काहीच निघालं नाही आणि मुरमासाठी शेजारचं वर्तुळ निम्मं खाल्लं गेलं, असं मी पाहिलं आहे. मुरूम बाहेरून आणा, सोलिंगला बरडावरचा एकही धोंडा घेऊ नका. वर्तुळाच्या बाहेरच्या धोंड्यापासून किमान त्या वर्तुळाच्या व्यासाइतकी जागा मोकळी सोडा. हा कायद्याचा आकडा नाही, माझा ठोकताळा आहे. शेणखताचा खड्डा आणि मुताचा पाझर उताराच्या दुसऱ्या बाजूला काढा, कारण जमिनीतली हाडं आणि धातू त्याने लवकर खराब होतात.

आता तुमच्या जागेबद्दल माझं मत. पाठवलेल्या फोटोंवरून बरडाची रस्त्याकडची खालची टेकड मला सोयीची वाटते. तिथे धोंडे नाहीत, वीज आणि ट्रॅक्टर दोन्ही जवळ. गोठा आणि गोदाम दोन्ही तिथे नेलं तर वर्तुळांच्या भागात कसलंच काम उरत नाही. याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीच्या नकाशाची प्रत घ्या, त्यावर प्रत्येक गोल दाखवा, शेजारी माणूस किंवा मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि गट क्रमांकासह एक पत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला द्या. पत्रात दोनच गोष्टी मागा: ही जागा यादीत आहे का, आणि पाहणीसाठी कोणी येऊ शकेल का. पोच घ्यायला विसरू नका. फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, गुप्तधनवाले रात्रीतून येतात.

शेततळ्याची मला गोठ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. वर्तुळं वर असली तर वस्ती खाली पाण्याजवळ असण्याची शक्यता मोठी, आणि शेततळं म्हणजे तीन-चार मीटर खोल आणि एकदम मोठं खोदकाम. नाल्याकाठी तुमच्या काळीत मध्येच पांढुरका, राखट पट्टा आहे का बघा. पांढरीत खापरांचे तुकडे, हाडं, जळक्या मातीचे गोळे वेचता येत असतील तर ती जुन्या गावठाणाची माती आहे असं समजा. तसं असेल तर शेततळ्याचा अर्ज थांबवा, ती जागा पत्रातल्या नकाशावर वेगळी दाखवा, आणि तळ्यासाठी नाल्याच्या वरच्या वळणाकडची, जिथे नुसती काळी माती आहे अशी जागा सुचवा. पांढरीचा फोटो मिळाला तर पाठवा. काळीच्या कडेपासून काढा, म्हणजे दोन्ही रंग एकाच चौकटीत दिसतील.